अर्धा न

परभणीत टाकीची बाग कुणालाही विचारा, दाखवतील.
बागेतला पुतळा विचारलात
तर म्हणतील, कोणता? पप्पा का?

काळ्या फरशीवर पितळी अक्षरांत नाव होतं त्याचं.
आता शेवटची दोनच उरलीत, अर्धा प आणि पा.
पोरं तेवढंच वाचतात.
कॉलेजची जोडपी फोनवर ठरवतात,
पाच वाजता, पप्पांच्या पाठीमागं.
भेळवाला रॉकेलचा डबा त्याच्या सावलीत ठेवतो,
माळी पाण्याचा पाइप त्याच्या गळ्यात अडकवून
जेवायला जातो,
पप्पा काही म्हणत नाहीत.

बाकीची अक्षरं मी चोरली.

तिसरीत होतो. भाड्याची सायकल तासाला आठ आणे.
चाराण्याच्या नाण्यानं स्क्रू फिरतो,
हे कुणी शिकवावं लागत नाही.
दोन म निघाले. थ सैलच होता,
नुसता ओढला तर हातात आला.
मोंढ्यातल्या भंगारवाल्यानं तिन्ही तोलले,
सव्वादोन रुपये दिले
आणि अर्धा न माझ्याकडं फेकला,
'आधा क्या करना मेरे कू? पूरा ला.'

वसमत रोडनं लांबपर्यंत गेलो त्या दिवशी,
पायडलला पाय पुरत नव्हते तरी.
नाव मला वाचता येत होतं.
वाचलं नव्हतं.
वजन बघितलं होतं.

पुढं अक्षरांचाच धंदा केला.
मोईज आर्ट्स.
खताची दुकानं, ट्रॉल्यांच्या पाठी,
लग्नघराच्या भिंतीवर गणपती,
डोळे शेवटी काढायचे, उपाशीपोटी.
मग फ्लेक्स आले. ब्रश वाळले.
त्या वाळक्या ब्रशांच्या डब्यात
तो अर्धा न होता सगळी वर्षं.
फेकला का नाही, सांगता येत नाही.

गुंडेराव पोस्टमन घराची पाटी रंगवून घ्यायला आले
तेव्हा उगं विषय निघाला.
मन्मथप्पा, म्हणाले. तारबाबू.
अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एक तार आली त्यांच्या हातात,
पुढं पाठवायची.
तिच्यात एका गावाचं नाव होतं
आणि किती बंदुका लागतील ते.
रात्रभर बोट चावीवर ठेवून बसले.
दाबली नाही.
सकाळी साहेबाला म्हणाले, लाइन तुटली.
लाइन चांगली होती.

गाव कोणतं?
आहे की. शनिवारी बाजाराला येतात तिथली माणसं.
आणि त्यांचं काय झालं पुढं?
गुंडेराव पाटीकडं बघत राहिले.
लाल नको, म्हणाले. निळ्यात लिही.

शिल्पकाराची पंचाईत झाली असणार.
न केलेली गोष्ट
दगडात दाखवायची कशी?
त्यानं पुढाऱ्यासारखा हात वर करून दिला,
एक बोट आभाळाकडं.
ते बोटही चेंडू लागून गेलं कधीतरी.
खाली पडलेलं कुणी उचललं, माहीत नाही.
मी नाही उचललं. तेवढं मी नाही.

सतरा सप्टेंबरला गावभर झेंडे होते.
बागेत झाडूही फिरला नव्हता.
मी पेचकस घेऊन गेलो, लिंबू आणि राख घेऊन गेलो,
दोन भोकांतलं एक गंजून बुजलेलं.
एका स्क्रूवर बसला न,
जरा कललेला,
आजूबाजूला मोकळी जागा.

शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी येऊन थांबली.
चाचा, काय लावायलात?
अक्षर.
तिनं बोट फिरवत वाचलं. न... प्पा.
चुकलंय, म्हणाली. पप्पा हाय ते.
आणि घसरगुंडीकडं पळाली.

मी पायरीवर बसलो.
वर गळ्यातल्या पाइपातून पाणी गळत होतं फरशीवर,
एक थेंब,
मग थांबून दोन,
मग बराच वेळ काही नाही,
मग एक.
मोजत होतो.
मला ती लिपी येत नाही.